त्रेचाळिसावं पत्र

१. न लिहिलेल्या पत्राचे आभार

गुरुवारी सकाळी मनीषाचा फोन आला तेव्हा वैजयंतीबाई टिपणीस थालीपिठाचं पीठ मळत होत्या.

"मावशी, आपल्या खासदारबाईंनी माझे आभार मानलेत. मी त्यांना पत्र लिहिलं म्हणून! अहो, मी दूधवाल्याला चिठ्ठी लिहीत नाही, खासदाराला पत्र कधी लिहू?"

वैजयंतीबाईंनी हात धुतले आणि मनीषाने पाठवलेला फोटो वाचला. मारेवा बेटावर मोठमोठी हॉटेलं बांधायला गेलेल्या भारतीय मजुरांचे पासपोर्ट तिथल्या सरकारी कंपनीने काढून घेतल्याची तक्रार होती, आणि त्यावर खासदारबाई पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारणार होत्या. आता त्यांनी लिहिलं होतं की, 'आपल्यासारख्या भारतीय भगिनींनीच मारेवाची बाजू इतक्या कळकळीने मांडल्यामुळे मी तो प्रश्न मागे घेत आहे.'

म्हणजे काय झालं, ध्यानात आलं ना? आपल्याच माणसांचे पासपोर्ट अडकलेले, आणि ते सोडवू नका असं आपल्याच बायकांच्या नावाने कोणीतरी परस्पर कळवून टाकलं होतं.

दुपारपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲपवर अशा पत्रांची रांग लागली. वैजयंतीबाईंनी सव्वीस वर्षं क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात लोकांचे अर्ज तपासले होते. एकाच हाताने लिहिलेली वीस शिफारसपत्रं त्यांनी नुसत्या नजरेने ओळखली होती, त्यामुळे मंडळात काही हरवलं, कोणी फसवलं, की लोक त्यांच्याकडे येत. त्यांनी पाटीवर उतरवाव्यात तशा पत्रांच्या रेघा कागदावर ओढल्या.

"बेचाळीस," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आणि मला एकही नाही! मी काय परकी आहे?"

"त्रेचाळीस घरं म्हणजे गंभीर प्रकरण आहे," शशिधरराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर एप्रिलमधल्या सत्काराची जरीकाठी शाल अजून तशीच टाकलेली होती. दोन महिने झाले, घडी करू देतील तर शपथ.

"बेचाळीस म्हटलं मी. कानाचं मशीन लावा."

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष संजय यांचा बेसिंगस्टोकहून, ऑफिसातूनच फोन. आवाज पार उडालेला. "काकू, पत्रं आपल्या बायकांची नाहीत असं मी कळवलं, तर खासदारांच्या ऑफिसातून विचारतायत. आपल्या लोकांचे पत्ते असतात कोणाकडे?"

"अक्षयाकडे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "फक्त तिच्याकडेच."

त्या फोन ठेवून थालीपीठ थापायला गेल्या. बोलून गेलेल्या दोन वाक्यांचा त्यांनी पुन्हा विचारही केला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दार वाजलं. बाहेर अक्षया उभी होती. डोळे सुजलेले, गळ्यात ऑफिसचं कार्ड नाही.

"मावशी," ती म्हणाली, "माझं नाव तुम्हीच सांगितलंत ना?"

२. अठ्ठावीस दिवसांचा नियम

अक्षया पाटसकर मूळची नागपूरची. तीन वर्षांपूर्वी लंडनला आली ती वर्क व्हिसावर, एका छोट्या पब्लिक अफेअर्स कंपनीत. खासदारांपर्यंत लोकांची बाजू पोचवायची, हे त्या कंपनीचं काम. मंडळाची सेक्रेटरीही तीच. पहिल्या दिवाळीला ती या घरी जेवायला आली आणि चकलीच्या तिसऱ्या घासाला रडली, तेव्हापासून वैजयंतीबाई तिच्या मावशी.

"दोन वर्षांपूर्वी मारेवा सरकार आमचं क्लायंट होतं," ती सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाली. "संजयसरांनी खासदारांना ईमेल केला, पत्ते फक्त अक्षयाकडे. खासदारांनी आमच्या एमडीला फोन केला. झालं! मला सस्पेंड केलंय. सोमवारी दहा वाजता सुनावणी. त्यात माझं स्वतःचं नाव त्या पत्रांत नाही, म्हणून संशय आणखी पक्का. मला काढलं तर साठ दिवसांत देश सोडायचा, मावशी."

"पण पत्रं पाठवणं हा काय गुन्हा आहे?" शशिधरराव आतून येत म्हणाले. "लोकशाही आहे ही."

"पत्रं पाठवणं नाही, काका. गेल्या वर्षीपासून नियम आहे. परक्या देशाच्या सरकारने तुम्हाला सांगितलं की जा, खासदाराला हे पटवा, तर ते चालतं. पण अठ्ठावीस दिवसांत स्वतःचं नाव सरकारी रजिस्टरवर लिहायचं. इंटरनेटवर सगळ्यांना दिसतं ते. कोण कोणाच्या तोंडून बोलतंय हे कळावं, एवढंच."

"पैसे घेतले असतील तर ना?"

"पैशांचंच असं काही नाही. सांगितलं कोणी, आणि ऐकण्याच्या बदल्यात काही मिळणार होतं का, हे बघतात. नुसता मान कबूल केला असेल तरी पुरतं."

"अतिच आहे," असं म्हणून शशिधरराव चहा न घेताच वर गेले.

वैजयंतीबाईंना मान वर करवेना. सव्वीस वर्षं त्या नव्या पोरांना शिकवत होत्या, की 'फक्त' हा शब्द पुराव्याशिवाय तोंडातून काढायचा नाही. आणि इथे पिठाच्या हातांनी, गॅसवर तवा तापलाय म्हणून, एका पोरीचं आयुष्य त्यांनी 'फक्त' म्हणून उडवून दिलं होतं. लाज वाटली.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "सोमवारी दहाच्या आत खरं कोण ते शोधून देते. नाही जमलं तर तुझ्या ऑफिसात येऊन सांगेन, की मी खात्री न करता बोलले."

अक्षया उठली. नेहमी वाकून नमस्कार करायची, आज केला नाही. "मी कोणाची यादी कोणाला दिलेली नाही," ती म्हणाली आणि ट्रामच्या दिशेने चालू लागली.

३. तीन याद्या

शनिवारी विष्णू वेम्बलीहून किराण्याची व्हॅन घेऊन आला. गूळ, भाजणी, ताजी मेथी, कढीपत्ता. निम्म्या क्रॉयडनच्या मराठी घरांचं पोट त्याच्या व्हॅनवर चालतं.

"वैजूताई, माझ्यावर डाउट?" त्याने कोथिंबिरीची जुडी आपटली. "माझ्याकडे अड्रेस आहेत, खरंय. घ्या, बघा!" त्याने वही पुढे केली. "पण तुमच्या त्या बेचाळीस जणींतल्या पंधरा माझं गिऱ्हाईकच नाहीत. सुपरमार्केटवाल्या मॅडम आहेत त्या. आणि माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक मंजिरीताई, दर शनिवारी ज्वारीचं पीठ, त्यांना कुठे आलंय पत्र?"

वैजयंतीबाईंनी मेथी घेतली आणि मनात खूण केली. मंजिरीला पत्र नाही.

दुपारी संजय आले. घाम पुसत, काखेत लॅपटॉप. त्यांना पुढल्या वर्षी कौन्सिलची निवडणूक लढवायची होती, त्यामुळे ते घाबरलेही होते आणि संशयालाही जागा होती.

"काकू, वेबसाइटवर सहाशे नावं आहेत. पण पुरुषांची! बुकिंग नेहमी नवरेच करतात ना. बायकांची नावं माझ्याकडे नाहीतच हो."

"आणि मंडळाच्या यादीत?"

"अक्षयाच्या? घरटी एक नाव. तेही बहुतेक पुरुषाचंच. नवरा नसलेल्या घरी तेवढं बाईचं."

संजय बोलून गेले आणि स्वतःच थबकले. "मग अक्षयाच्या यादीतून बेचाळीस बायका आल्या कशा?"

"तेच," वैजयंतीबाई म्हणाल्या. "हे माझ्याआधी तुमच्या तरी डोक्यात यायला हवं होतं. ईमेल पाठवायची कसली घाई!"

असं म्हटलं खरं, पण शब्द तोंडातून बाहेर पडताच त्यांना स्वतःचीच कीव आली. घाई कोणी केली होती?

संजय गेल्यावर त्यांनी बेचाळीस नावं टेबलावर मांडली. सगळ्या बायका, सगळ्या याच मतदारसंघातल्या. तिन्ही याद्यांशी जुळत नव्हत्या. म्हणजे चौथी यादी होती. कुठेतरी, कोणाकडे तरी अशी यादी होती जिच्यात बायकाच होत्या, आणि त्यातही मंजिरी नव्हती, अक्षया नव्हती, आणि वैजयंती टिपणीसही नव्हती.

बेल वाजली. दारात शेजारची बथशेबा उभी होती. हातात एक लिफाफा.

"वैजू, हे काय गं? खासदारबाई मला थँक्यू म्हणते."

त्रेचाळिसावं पत्र.

४. बथशेबा काय म्हणाली

बथशेबा ठाण्याची. तिच्या माहेरची माणसं शंभर वर्षं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या देवळात, जात आणि घरी मराठीत भांडत. मुलगी डॅनिएला इंग्रजीतच भांडते, म्हणून बथशेबाला मराठीत भांडायला वैजयंतीबाईंकडे यावं लागे. ती मंडळाची सभासद नाही. व्हॉट्सॲप वापरत नाही. विष्णूच्या व्हॅनकडे ढुंकूनही बघत नाही. तिचं सामान गोल्डर्स ग्रीनच्या ज्यू दुकानांतून येतं.

"तुझं नाव कोणाच्या यादीत असणार?" वैजयंतीबाई पुटपुटल्या.

"माझं? माझं आता कुठल्याच यादीत नाही." बथशेबाने लिफाफा उलटा केला. "बघ ना, मिसेस योना म्हणून लिहिलंय. मार्चमध्ये गेला माझा योना. ज्याने कोणी लिहिलं त्याला माहीतच नाही."

वैजयंतीबाईंनी नावं पुन्हा वाचली. या वेळी त्या नावं वाचत नव्हत्या, घरं वाचत होत्या. मनीषा, नवरा बँकेत. श्रद्धा, नवरा रात्रपाळीचा डॉक्टर. पुढची, तिच्या पुढची. मंजिरीचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. मंडळात तिच्यासारख्या आणखी चार जणी होत्या आणि पाचांपैकी एकीलाही पत्र नव्हतं. अविवाहित अक्षयाला नव्हतं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस सवाष्णी. बथशेबासुद्धा, जानेवारीत होतीच.

परक्या देशाच्या सरकारला बाई सवाष्ण आहे की विधवा याच्याशी काय देणंघेणं? काही नाही. ही चाळण फक्त एकाच ठिकाणी लागते.

"बथशेबा," त्या म्हणाल्या, "जानेवारीत तू माझ्याकडे आली होतीस."

"हळदीकुंकवाला. दरवर्षी येते. कुंकू नको म्हणते, तिळगूळ आणि वाण घेते. या वर्षी काचेची बरणी दिलीस." मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "पुढच्या वर्षी नाही ना बोलावणार मला?"

वैजयंतीबाईंनी यादीचे कागद एकावर एक ठेवले. त्या कुठे बोलावत होत्या मंजिरीला? 'तिलाच अवघडल्यासारखं होईल,' असं म्हणत सहा वर्षं काढली होती. स्वतःला त्या सुधारलेल्या समजत. व्हिसा ऑफिसात भेदभावावरचं ट्रेनिंग द्यायच्या!

त्या उठल्या. देवघराखालच्या खणात करंड्याशेजारी त्यांची वही होती. कोण आलं, पत्ता काय, कोणाला कुठलं वाण दिलं. पुन्हा तीच वस्तू जाऊ नये म्हणून लिहिलेलं. यजमानीण स्वतःचं नाव स्वतःच्या वहीत कशाला लिहील? म्हणून त्यांना पत्र नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा.

या वर्षीच्या पानावर एकावन्न नावं होती. त्यांपैकी आठ नावांपुढे पेन्सिलीचं बारीक टिंब होतं. आठही जणी शेजारच्या मतदारसंघात राहणाऱ्या. एकावन्नातून आठ गेले, उरले त्रेचाळीस.

टिंब फिकट होतं, टोकदार होतं. तसल्या कडक पेन्सिलीने या घरात एकच माणूस लिहीत असे, चाळीस वर्षं पुलांची ड्रॉइंग्ज काढलेला. आणि गुरुवारी, बथशेबाचं पत्र कोणी पाहिलंही नव्हतं तेव्हा, पेपरातून डोकं न काढता त्रेचाळीस कोण म्हणालं होतं?

त्याचं कानाचं मशीन गुरुवारी कानातच होतं. त्यांनी स्वतः सकाळी बॅटरी बदलून दिली होती.

५. शाल

शशिधरराव वर खिडकीशी बसले होते. बायकोच्या हातातली वही बघून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"अहो, का?" एवढंच विचारलं त्यांनी.

"मी पैसे घेतले नाहीत, वैजू. एक पेनीसुद्धा."

"ते विचारलं नाही मी."

मग हळूहळू निघालं. मारेवाच्या दूतावासातला एक गोड बोलणारा गृहस्थ त्यांना पत्त्यांच्या ब्रिज क्लबमध्ये भेटला. त्याने यांच्या पुलांची चौकशी केली. निवृत्तीनंतर अकरा वर्षांत कोणी केली नव्हती. मग त्याच्या मारेवा मैत्री संघाने केलेला तो एप्रिलमधला सत्कार. सत्कार कसा हवा, असं त्या लोकांनी विचारलं, तेव्हा शाल आणि नारळ असं यांनीच त्यांना लिहून कळवलं! नारळ कुठे मिळतो तेही सांगितलं. सत्कारानंतर त्या गृहस्थाने पत्राचा मजकूर दिला. भारतीय बायकांची पत्रं खासदारांकडे गेली पाहिजेत म्हणाला, आणि यांनी वहीतली नावं घालून ती धाडली. काम झालं की नोव्हेंबरात मारेवाला, त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते 'मैत्रीदूत' पदवी.

"मजकूर साधाच होता गं. मारेवा भारतीयांचा मित्र आहे, वगैरे. मला वाटलं, बायका नाहीतरी नाही म्हणाल्या नसत्या."

"विचारलंत एकीला तरी?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"शुक्रवारी ती पोर खाली रडत होती. तुम्ही ऐकत होतात. नियम तुमच्या तोंडावर सांगितला तिने. तेव्हा तरी?"

"ती तरुण आहे. हुशार आहे. मिळेल दुसरी नोकरी," शशिधरराव म्हणाले आणि मग, अगदी हळू, "माझं या वयात काय राहील, वैजू?"

हे ऐकून वैजयंतीबाईंना त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. एकोणचाळीस वर्षं शेजारी झोपलेला माणूस एका शालीसाठी इतका भुकेला होता आणि आपल्याला कळलं नाही, याचीच शरम वाटली. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाला चावणार?

"उद्या हॉलवर मीटिंग आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही उठून सांगा. मी मधे बोलणार नाही."

६. हॉलमध्ये

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सत्तर माणसं जमली. अक्षया मागच्या रांगेत, दाराजवळ बसली, उठून जाता यावं अशी.

वैजयंतीबाई उभ्या राहिल्या. "अक्षयाकडून यादी गेलेली नाही," त्यांनी सुरुवात केली. मग एकेक सांगत गेल्या. मंडळाच्या यादीत घरटी एक नाव, बहुतेक पुरुषांचं. विष्णूच्या वहीत पंधरा जणी नाहीत. बथशेबा तर कुठल्याच यादीत नाही. आणि त्रेचाळीस बायकांत एकही विधवा नाही.

मंजिरीने मान खाली घातली नाही. उलट प्रथमच वैजयंतीबाईंकडे सरळ पाहिलं.

"वही माझी आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "माझ्या हळदीकुंकवाची. मी ज्यांना बोलावत नाही, त्यांच्यामुळेच ती ओळखू आली. याची मला लाज वाटते. अक्षयाचं नाव खात्री न करता मीच घेतलं, त्याचीही. आता वही खणातून कोणी काढली, ते ज्याने काढली त्याने सांगावं."

त्या खाली बसल्या आणि थांबल्या.

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. संजय खाकरले. मनीषाने वैजयंतीबाईंकडे पाहिलं, त्या नजरेत स्पष्ट होतं की वही हिची, म्हणजे हिनेच! शशिधरराव पहिल्या रांगेत होते. ते बुटांकडे बघत होते. बायकोवर संशय येतोय हे त्यांना दिसत होतं. तरी ते उठले नाहीत.

अर्धं मिनिट गेलं. मग एक मिनिट.

"माझ्या नवऱ्याने," वैजयंतीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने काढली."

तेव्हा शशिधरराव उठले. "मी पैसे घेतलेले नाहीत हो!" ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "देवाशपथ, एक पेनीही नाही!"

आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं. मागे दार उघडल्याचा आवाज आला. वैजयंतीबाईंनी वळून पाहिलं तेव्हा अक्षयाची खुर्ची रिकामी होती.

रात्रीच्या जेवणाआधी संजय यांनी तिच्या कंपनीला आणि खासदारांना खरं काय ते कळवलं. सोमवारी सकाळी आठ वाजता टिपणीसांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला होता. अठ्ठावीस दिवस केव्हाच उलटून गेले होते. पुढे काय होईल, दंड की खटला, हे वकील सांगणार होता. पण रजिस्टरवर नाव आजच लिहायचं, असं वैजयंतीबाईंनी बजावलं होतं. शशिधरराव एका बोटाने टाइप करत होते. कोणाच्या सांगण्यावरून केलं, काय केलं, कधी. मग बोट थांबलं.

"बदल्यात काय मिळालं, विचारलंय," ते म्हणाले. "काय लिहू?"

"शाल लिहा."

त्यांनी लिहिलं. आपलं नाव सगळ्या जगाला दिसेल अशा ठिकाणी यावं, ही त्यांची किती वर्षांची हौस. ती अशी फिटली.

वैजयंतीबाईंनी वही काढली. पुढच्या वर्षीच्या कोऱ्या पानावर पहिलं नाव मंजिरीचं लिहिलं, मग मंडळातल्या तिच्यासारख्या त्या चौघींची, मग बथशेबाचं. यातल्या किती जणी येतील ते त्यांना माहीत नव्हतं. आपण त्यांच्या जागी असतो तर आलो नसतो, असं मात्र नक्की वाटलं.

साडेअकराला फोन वाजला. अक्षया.

"सस्पेन्शन काढलं," ती म्हणाली. "व्हिसाचंही काही होणार नाही. आणि खासदारबाई तो मजुरांचा प्रश्न आता विचारणार आहेत."

"सुटलीस गं बाई! कशी आहेस? जेवायला ये ना आज. थालीपीठ करते."

"आज नको," अक्षया म्हणाली. आवाज अगदी सभ्य होता, ऑफिसातला. "तुम्ही खरं सांगितलंत त्याबद्दल थँक यू, मिसेस टिपणीस."

फोन बंद झाला. वैजयंतीबाई उठल्या आणि सकाळी मळून ठेवलेलं पीठ झाकून फ्रीजमध्ये ठेवलं.